दोन श्वासांचा डोह

काशीत मंगला गौरीच्या देवळाखाली, घाटावरच्या एका कोनाड्यात मी उभी असते. मित्रांनो, मी एक जुनी लग्गी आहे. लग्गी म्हणजे नाव ढकलायचा लांब बांबू. वल्ह्याला सगळे ओळखतात, सुकाणूचे सगळे कौतुक करतात, लग्गीला कोणी विचारत नाही. पण वल्हे पाण्याच्या अंगाखांद्यावरून फिरते. नदीच्या पायांना हात लावते ती मीच. म्हणून तिच्या पोटातले दुखणे सगळ्यांत आधी मला कळले. तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

चुनारकडच्या एका बांबूच्या बेटात मी वाढले. भरोसी नावाड्याच्या बापाने मला तिथून निवडून आणले. शेकोटीच्या धुरावर धरून माझे अंग सरळ केले, गाठी तासल्या, मोहरीचे तेल पाजले आणि खालच्या टोकाला लोखंडाची शेंबी ठोकली. मला हातात तोलून तो लेकाला म्हणाला, "ई हमरे बादो चली." म्हणजे ही माझ्यानंतरही चालेल. तसेच झाले. बाप गेला, भरोसीचे केस पिकले, तरी माझी एक गाठ हलली नव्हती.

काय सुंदर होता तेव्हा तळ! वाळूत टेकले की कुरकुर वाजे. शिंपल्यावर शेंबी पडली की टक्‌ होई. कधी दगड समजून टेकावे, तर तो दगड सावकाश चालू लागे. कासव असे ते. चिखलही होता, पण गुणी. मऊ असे, आणि पाय उचलला की लगेच सोडी. भरोसी डोळे मिटून सांगे, आपण संकठा घाटासमोर आहोत की रामनगरच्या बाजूला. मी त्याच्या तळहाताला सांगत असे आणि तो लोकांना.

आमच्या नावेत रोज सकाळी एक बाई येत, सीताकाकू. मंगला गौरीच्या गल्लीत त्यांचे बिऱ्हाड होते. त्यांचे यजमान शिवरामपंत पाठशाळेत वेद शिकवीत. ते गेल्यावर काकूंनी एक संकल्प सोडला होता. कागदाच्या बारीक पट्टीवर रामनाम लिहायचे, ती पट्टी कणकेच्या गोळीत घालायची आणि गोळी गंगेतल्या माशांना द्यायची. काशीत ही रीत फार जुनी आहे. काकूंना अशी लाख नामे पुरी करायची होती. डब्यात गोळ्या घेऊन त्या नावेच्या टोकाशी बसत आणि एकेक गोळी पाण्यात सोडत.

पण खरे सांगू का, माशांपेक्षा त्यांचे कान दुसऱ्याच कोणाकडे लागलेले असत. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांना पाणी नुसते चमकताना दिसे. पण सूंस वर आली की त्यांना आधी कळे. सूंस म्हणजे आपल्या गंगेतली डॉल्फिन. ती मासा नाही, तुमच्यासारखा श्वास घ्यायला वर येते. तो श्वासच 'सूंऽस' असा वाजतो, म्हणून तिचे नाव सूंस. तीही जवळजवळ आंधळी असते. तोंडाने बारीक आवाज काढायचा, तो आपटून परत आला की ऐकायचा आणि त्यावरून वाट शोधायची, असे तिचे चालते.

एका सकाळी मोठा श्वास वाजला आणि पाठोपाठ एक छोटा. काकूंच्या हातातली गोळी हातातच राहिली.

"भरोसी! अरे, पिल्लू झालंय तिला!"

"तो मिठाई खिलाइए काकी, आजी हो गईं आप," भरोसी म्हणाला.

काकू इतक्या हसल्या की डबा कलंडला. त्या दिवसापासून दोन श्वास ऐकल्याशिवाय त्या नाव परत फिरवू देत नसत. एक मोठा, एक लहान. मग म्हणत, "चल आता. घरची माणसं ठीक आहेत."

मग तो उन्हाळा आला. नव्वदच्या दशकातले मधले कुठले तरी वर्ष होते. गंगा इतकी आटली होती की वरच्या पायऱ्यांना जणू आपली नदी कोणती तेच आठवेना. पंचगंगा घाटाच्या बाजूला एक दगडी बुरूज पाण्यात पुढे आला आहे. त्याच्या आडोशाला प्रवाह थबकला आणि एक डोह तयार झाला. वरून एक गटार त्यात उतरत होते. निर्माल्य, राख, उरलेले अन्न, सगळे तिथेच येऊन बसत होते.

त्या डोहात भरोसीने मला पहिल्यांदा टेकवले तेव्हा मी दचकले. तळ लागेचना. मी आत आत चालले, काळ्या, चिकट, ऊन गाळात. आणि मग माझ्या अंगाला गुदगुल्या करीत काहीतरी वर सुटले. बुडबुडे! एक, दोन, मग भात शिजताना येतात तसे भदभद. भरोसीने मला उपसले, नाकाशी नेले आणि तोंड वाकडे केले. धुवूनही तो वास दिवसभर माझ्या अंगावरून जाईना.

लवकरच हात न लावताही बुडबुडे येऊ लागले. घाटावरचे पुरोहित ढुंढिराजशास्त्री ते बघून पायरीवर बसूनच राहिले. पंचगंगेला पाच नद्यांचा संगम आहे अशी श्रद्धा आहे ना? त्यांतल्या किरणा आणि धूतपापा गुप्त आहेत, कोणी त्या पाहिलेल्या नाहीत. शास्त्रीबुवांनी जन्मभर संकल्पात त्यांची नावे उच्चारली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते ढोंग नव्हते, मित्रांनो. मी जवळून पाहिले आहे.

"किरणा वर येते आहे," ते म्हणाले. "माझ्या हयातीत येते आहे!"

त्यात मासे वर येऊ लागले. सकाळ झाली की पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडे काढून ते आ वासून उभे राहत. लोक म्हणाले, मासेसुद्धा दर्शनाला आले. मी खाली जाऊन आले होते, मला ठाऊक होते की खाली दम घुटत होता म्हणून ते वर आले होते. पण लग्गीला तोंड कुठे असते?

काकूंना मात्र आनंद झाला. इतके मासे एका जागी! संकल्प पुरा व्हायला थोडीच नामे उरली होती आणि गंगा दशहऱ्याचे दहा दिवस सुरू होत होते. दशमीला शेवटची गोळी घालायची असे त्यांच्या मनात होते. त्या भरोसीला म्हणाल्या, "हे मासे तोवर निघून गेले तर रे? डोहाच्या तोंडाशी एक तट्टा लाव ना."

भरोसीने मान हलवली. "काकी, नदीला दार लावत नाहीत."

"दहा दिवसांसाठी रे. रामाच्या कामासाठी."

काकूंना नाही म्हणणे त्याला कधी जमले नव्हते. त्याने खुंट ठोकले आणि बांबूच्या पट्ट्यांचा मोठा तट्टा डोहाच्या तोंडावर दोरांनी बांधला. शास्त्रीबुवांनी तट्ट्याला झेंडूची माळ घातली. रोज शेकडो गोळ्या डोहात पडू लागल्या, काकूंच्या आणि काकूंचे बघून इतरांच्याही. खाणारे मासे धापा टाकत होते. गोळ्या तशाच खाली जात, माझ्या ओळखीच्या त्या काळ्या गाळात रुतत आणि कुजत.

तट्टा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाव नदीत होती. काकू कान देऊन बसल्या. किती तरी वेळ काहीच वाजले नाही. मग आवाज आला, पण मागून. तट्ट्याच्या आतून. मोठा, आणि पाठोपाठ छोटा. माशांच्या मागे सूंस आदल्या दिवशी, तट्टा लागण्याआधीच, डोहात शिरली होती.

"आत आहे होय! बरंच झालं. जवळ राहील," काकू म्हणाल्या. पण त्यांचा आवाज मला नेहमीसारखा वाटला नाही.

याच सुमारास काकूंची भाची नीरजा आली. विद्यापीठात ती पाण्यातल्या जीवांचा अभ्यास करीत होती. मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरायची तिला सवय. तिने डोह पाहिला आणि पायातल्या चपलाही काढायची शुद्ध तिला राहिली नाही.

"आत्या, ही नदीबिदी नाही. ये गैस है. मिथेन. तळाशी हवा न लागता घाण कुजली की तयार होतो. समुद्राच्या तळातूनसुद्धा असा निघतो, तिथे खोली असते, पसारा असतो. इथे एवढासा डोह! पाण्यातले बारीक जंतू हा वायू खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग मासे काय करतील? वर येऊन तोंड उघडतील."

"म्हणजे दर्शनाला नाही आले ते?"

"श्वास मागायला आलेत, आत्या."

शास्त्रीबुवा मात्र हसले. "मुली, तुझं वय काय, किरणेचं वय काय!"

"ठीक आहे. मी दाखवते," नीरजा म्हणाली. तिने पाण्याने भरलेली बाटली डोहात उपडी धरली आणि भरोसीला गाळ ढवळायला सांगितले. मला खोल दाबले, फिरवले. बुडबुड्यांनी बाटली भरली. पायरीवर येऊन तिने बाटलीच्या तोंडाशी काडी ओढली. भप्प! एक निळी जीभ लपलपली आणि विझली.

"बघा! देवाची नदी अशी जळेल का?"

शास्त्रीबुवांनी दोन्ही हात जोडले. "ज्योत! निळी ज्योत! पाण्यातून ज्योत प्रकटली!"

नीरजाने कपाळावर हात मारला. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट सगळ्या गल्ल्यांतून फिरली. दशमीला पहाटे या डोहातच स्नान करायचे असे लोकांनी ठरवले. ज्या काडीने लोक मागे हटायला हवे होते, तिनेच त्यांना बोलावणे धाडले.

दशमीची पहाट मी कधी विसरणार नाही. भरोसीने नाव सोडली. नावेत काकू होत्या आणि नीरजा होती. उजाडू लागले तेव्हा डोह पांढरा दिसला. मला वाटले, फुले. फुले नव्हती ती, माशांची पोटे होती. रोहू, टेंगरा आणि बोटाएवढी पोरे, सगळी उताणी. तोंडे तशीच उघडी.

"कल मैंने ही तो ढवळायला सांगितलं," नीरजा पुटपुटली. "सगळा वायू वर काढला मी."

काकूंना दिसत नव्हते, पण वास येत होता. त्यांनी वाकून पाण्यात हात घातला. हाताला एक मासा लागला, तो त्यांनी चाचपला. त्याच्या तोंडात त्यांचीच गोळी अडकली होती, गिळायची राहिलेली.

तेवढ्यात डोहातून श्वास वाजला. मोठा, घाईचा. लगेच पुन्हा. काकूंनी मान वर केली. "दुसरा कुठाय? नीरजे, लहानाचा आवाज कुठाय?"

सगळ्यांनी कान दिले. बराच वेळ गेला. मग कुठेतरी कोपऱ्यात, बारीक शीळ फुटावी तसा आवाज आला.

"आहे! पण ती दोघं बुरुजाच्या भिंतीशी का घुटमळतात?"

"त्यांना दिसत नाही ना. आवाजावर चालतात त्या," नीरजा सांगू लागली. "बुडबुड्यांच्या पडद्यावर तो आवाज फुटतो. त्यांना वाटतं, चारही बाजूंना भिंतच आहे. आत आता खायला काही नाही, पिल्लू दमलंय. लोक स्नानाला उतरले की शेकडो पाय गाळ ढवळतील. मग वाट सापडणारच नाही. आत्या, तट्टा काढायला हवा. आत्ता."

घाटावर टाळ वाजायला लागले होते. लोक पायऱ्या उतरत होते. शास्त्रीबुवा हातात शंख घेऊन सगळ्यांत खालच्या पायरीवर उभे होते.

"काकू, तट्टा नंतर!" ते ओरडले. "आज मुहूर्त आहे. तुमचीही शेवटची गोळी आहे ना? जन्माचा संकल्प पाण्यात घालवाल का?"

"पाण्यातच घालत होते, शास्त्रीबुवा," काकू म्हणाल्या. त्यांनी डबा बंद केला आणि मांडीखाली सरकवला. "भरोसी, दार मी लावायला सांगितलं होतं. मीच सांगते, काढ."

भरोसीने मला उचलले आणि सवयीने डोहाच्या तोंडाशी तळाला टेकवले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला तेवढेच एक काम येत होते. आणि माझ्या पावलाखालून बुडबुड्यांची झुंडच्या झुंड सुटली. उंबऱ्याकडे येऊ लागलेली सूंस झटक्यात मागे वळली. पिल्लू तिच्या आड गेले.

"लग्गी नको! तळाला लावू नका!" नीरजा किंचाळली.

"बिना लग्गी के कैसे?" भरोसी म्हणाला. "खुंट उपटले तरी गाळ उठेल."

"खुंट राहू द्या. नुसता तट्टा उचला."

भरोसीने मला पाहिले, जणू पहिल्यांदाच पाहत होता. मग त्याने मला आडवी केली. वल्ह्याने हळूच नाव तट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला आणली, दोर कापले आणि माझे टोक तट्ट्याच्या खालच्या काठीत अडकवले. नावेच्या काठावर माझी कंबर टेकवून तो दुसऱ्या टोकाला लटकला. नीरजाही लटकली. भिजलेला, शेवाळलेला, माळांनी जड झालेला तो तट्टा! मी वाकले. माझ्या आत कुठेतरी कुरकुर झाली. वाळूची नव्हे, माझीच.

आणि वर शास्त्रीबुवांनी शंख ओठांना लावला.

काकू नावेत उभ्या राहिल्या. डोळ्यांना दिसत नसताना, डुलत्या नावेत. "शास्त्रीबुवा, शंख फुंकू नका! तिला आवाजानंच वाट सापडायची आहे. गंगेचं वाहन म्हणता ना तुम्ही हिला? वाहन कोंडून ठेवायचं आणि देवीला हाका मारायच्या, हे कुठल्या शास्त्रात आहे? आणि किरणा आली असेल तर तिच्या पाण्यात ही लेकरं का मेली, तेवढं सांगा मला!"

शास्त्रीबुवांनी खाली पाहिले. त्यांच्या पायाशी मेलेल्या माशांची रांग लागली होती. एकेक लाट त्यांना पायरीवर आणून ठेवत होती. शंख ओठांवरून खाली आला. क्षणभर मला वाटले, हे रागावतील. पण ते वळले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. त्यांचा आवाज केवढा मोठा होता म्हणून सांगू!

"रुकिए! कोई पानी में नहीं उतरेगा! टाळ बंद! गंगाजी की सवारी जा रही है. सब चुप!"

लोक थबकले. टाळ थांबले. सारा घाट श्वास रोखून उभा राहिला.

त्या शांततेत माझ्या अंगातून कडाड्‌ असा आवाज झाला. मी मधोमध चिरले. पण तट्टा तेवढ्यात उचलला गेला होता. भरोसीने नावेतून उतरून तो खांद्यावर घेतला आणि कंबरभर पाण्यात, खुंटाला पाय लावून, तळाला न टेकता तोलून धरला. बुडबुडे हळूहळू विरळ झाले. पाणी काळ्या काचेसारखे स्थिर झाले.

काहीच हलले नाही.

मग तट्ट्याखालून एक लांब सावली गेली. नदीत, मोकळ्या प्रवाहात, सूंऽस! मोठा श्वास.

कोणी आनंदाने ओरडले नाही. काकूंनी एक बोट वर धरले होते. एकच श्वास झाला होता. सूंस प्रवाहात थांबली, वळली आणि पुन्हा तट्ट्यापाशी आली. आईला काय, वाट सापडली तरी एकटीने जाता येते का? तिने पुन्हा श्वास घेतला. पुन्हा एकटाच. भरोसीच्या खांद्यातून रक्ताची बारीक धार निघाली होती. "काकी, आता नाय धरवत," तो दातांतून म्हणाला.

"धर रे बाळा. अजून थोडं धर."

आणि नावेला अगदी लागून, काकूंच्या हाताखालीच म्हणा ना, एक छोटासा फवारा उडाला. सूंस! इवलासा. काकूंच्या चेहऱ्यावर पाणी उडाले. त्यांनी बोट खाली केले आणि दुसऱ्या हाताने तोंड दाबून धरले.

तट्टा धप्पकन पडला. बुडबुडे उसळले. पण तोवर दोन्ही श्वास दूर गेले होते, रामनगरच्या दिशेने.

त्या दिवशी डोहात कोणी स्नान केले नाही. शास्त्रीबुवांनी धोतर खोचले आणि मेलेले मासे स्वतः टोपल्यांत भरले. दुपारी ते काकूंना म्हणाले, "लाखाला थोडी नामं कमी राहिली हो तुमची." काकू म्हणाल्या, "उरलेली तोंडानं घेईन. रामाला ऐकू येतं. कणीक कशाला हवी?" मग त्या रोज पायरीवर बसून नाम घेत, रिकाम्या हातांनी.

माझा चिरलेला भाग भरोसीने कापून टाकला. नावेत माझा उपयोग उरला नाही. कोणी विसरले, कोणी माझ्यावर धोतरे वाळत घातली. काकूही गेल्या. पण कार्तिक आला की पंचगंगेवर आकाशदीप लागतात, तेव्हा भरोसीचा नातू मला उभी करतो आणि माझ्या टोकाला दिव्याची करंडी चढवतो. जन्मभर तळ पाहिलेली मी आता वरून पाणी पाहते. वरून ते किती छान दिसते! म्हणूनच मला भीती वाटते. तो डोह पुढच्या पुरात वाहून गेला, पण गटार तिथेच आहे आणि थंडी सरली की कुठे कुठे बुडबुडे येतात.

मित्रांनो, नदीला काही द्यायला जाल तेव्हा आधी विचारा, हे तिच्या तळाला पचेल का? फूल असो, कणीक असो, देवाचे नाव घालून दिलेले असो. खाली गेल्यावर ते कुजतेच. आणि मासे तोंड उघडून वर आलेले दिसले, तर हात जोडू नका. ते काहीतरी मागत असतात.

पहाटे कधी घाटावर गेलात तर थोडे गप्प बसा. एक मोठा श्वास ऐकू येईल. तेवढ्याने उठू नका. दुसरा, लहान, ऐकू येईपर्यंत पायरी सोडू नका.